आठ शिकंज्यांची खुर्ची

आमच्या घरात आजवर एकच खुर्ची झाली. ती मी केली. तिच्यावर एकच माणूस बसलं, आणि तेही एकदाच.

मी गेवराईच्या तहसील कचेरीत कारकून. निजाम सरकारची जबान उर्दू, त्यामुळं दिवसभर उजवीकडून डावीकडं लिहायचं आणि संध्याकाळी घरी येऊन बोटं चोळत बसायचं. हातानं केलेलं काम म्हणाल तर एवढंच! (आमच्या घरातलं माणूस म्हणतं, भाकर मोडायला पण यांना मदत लागते. तिचं मनावर घेऊ नका.)

त्या वर्षी मायचे गुडघे धरले. भुईवर बसली तर उठता येईना, उभी राहिली तर दम धरवेना. दिवसभर बाजेवर. तिला एकच घोर लागला होता. नागपंचमीला गया यायची. गया म्हणजे माझी धाकटी बहीण, तलवाड्याला दिलेली. लेक दारात आली की भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं, मग आत घ्यायचं. हे मायनं कुणाला कधी करू दिलं नव्हतं.

"दिगू," माय म्हणाली, "उंच बसायला कायतरी कर रे. दारात बसून ओवाळीन. बाजेवरून न्हाई. लेकीला वाटंल, माय आता जाती."

गल्लीच्या टोकाला सोपाना सुतार. त्याच्या कानावर गेलं तसा तो आपण होऊन आला. "मुन्शीजी, पाभरीची कामं लई हायेत, पर पंचमीच्या आत खुर्ची देतो बगा. मायचं काम हाय."

मी काय म्हणावं? "नको सोपाना. मायची खुर्ची मी करणार. माझ्या हातानं!"

सोपाना माझ्या हातांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बरं." आणि गेला. त्या 'बरं'मधलं सगळं मला आज ऐकू येतं, तेव्हा आलं नाही.

हत्यारं आणायला मी बीडच्या बाजारात गेलो. लोखंडी सामानाच्या दुकानात एक म्हातारे चाचा बसले होते. त्यांनी माझी टोपी बघितली, नखं बघितली आणि प्रेमानं विचारलं, "सुतारकी सीखते क्या? पैले करवत लेव, अच्छी, बडी. पटाशी लेव, खाच पाडने कू. रंधा लेव. गुण्या लेव, कोना सीधा देखने कू. शिकंजे दो बस हैं."

आता बघा, मी कचेरीतला माणूस. समोरचा जे आधी पुढं करतो ते बाजूला ठेवायचं, ही आमची तालीम! हा मला करवत-पटाशी गळ्यात मारतोय, हे मी ताबडतोब ओळखलं. आणि शिकंजे? ते लोखंडी, पिळदार, मळसूत्र फिरवलं की कचकन आवळणारे! एवढी देखणी वस्तू हा दोनच घ्या म्हणतो?

"आठ द्या," मी म्हणालो. "आणि करवत लहानातली लहान. बाकी काही नको."

"आठ? हत्ती पकडते क्या?"

"द्या हो चाचा."

"मुन्शीजी, पटाशी बगैर सांधा नै होता. शिकंजा किसकू पकडता फिर?"

मी हसलो. गिऱ्हाइकाला फसवता आलं नाही की दुकानदार असंच बोलतो, हे मला ठाऊक होतं. तो बिचारा जन्मात एकदा खरं बोलला असेल, तर माझ्याशी!

लाकूड मी बाभळीचं घेतलं. 'कडुलिंबाचं घ्या, नव्या हाताला सोपं जातंय,' असं सोपानानं निरोप धाडून सांगितलं होतं. म्हणूनच बाभळीचं घेतलं.

पहिली फळी कापायला बसलो, तर फळी सारखी पळायची. सोपाना पायाच्या अंगठ्यात लाकूड धरून कापतो. मी धरलं, तर करवत अंगठ्यालाच लागली. मग आठवलं, शिकंजे आहेत की! पण शिकंजा आवळायचा कशाला? घरात जड आणि हलत नाही अशी वस्तू एकच होती. मायची बाज. मायसकट.

"माय, जरा पलीकडं सरक."

"कावून रे?"

"तुझ्याच खुर्चीचं काम आहे."

बाजेच्या लांब पट्टीवर फळी ठेवली, चार शिकंजे आवळले आणि सुरू! सकाळी बसलो, दुपार झाली. दाराशी अर्धी गल्ली जमली. "मुन्शीजी, पंचमी याच सालची ना?" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे खिंकाळले. मला चेव चढला. आणि काय सांगू, एकाएकी करवत लोण्यात शिरावी तशी सरसर चालायला लागली.

"माय, बघ! हात बसला माझा, हात बसला!"

"लई ग्वाड आवाज येतोय रे दिगू, पर माझ्या खालून का येतोय?"

कडाड!

फळी कापून झाली होतीच. खालची बाजेची जुनी, लिंबाची पट्टी पण कापून झाली होती. माय सुंभासकट भुईवर!

मी बोंब मारली. गल्ली आत घुसली. आणि माय? माय हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. उचलायला वाकलो तर तिनं माझा हात बाजूला केला.

"थांब रे, लगेच उचलू नको. लई दिसानं भुईला टेकले." सारवलेल्या भुईवरून ती हळूहळू तळवा फिरवत राहिली. मला तेव्हा नुसती लाज वाटत होती.

बाज तर लागणारच होती. मग खुर्चीच्या सगळ्या फळ्या मोडक्या पट्टीला लावल्या, मोडक्या हाताला कामट्या बांधतात तशा, आणि आठही शिकंजे आवळून टाकले. बाज उभी राहिली! खुर्चीचं लाकूड मात्र त्यातच संपलं. सोपानाकडं जायला अजून चार दिवस हातात होते. गेलो नाही. कुठल्या तोंडानं जायचं?

पंचमीला गया आली. बाज दारापर्यंत ओढली आणि मायनं बाजेवरूनच भाकरतुकडा ओवाळला. गया बघतच राहिली. आधी मायकडं, मग शिकंज्यांकडं.

"माय, हे लोखंड कशाचं?"

"तुझा दादा सुतार झालाय," माय म्हणाली. "माझ्यापायी लई राबला बाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवाळीच्या आत माय गेली.

तेरावा झाल्यावर मी खुर्ची करायला बसलो. का, ते विचारू नका. बाजेचे शिकंजे सोडवले, पुन्हा बाभळीचंच लाकूड आणलं आणि कचेरीतून आलो की कापायचो. बाभळीत खिळा शिरेना, वाकून माझ्याकडंच बघायचा. मग सगळी खुर्ची सरसानं चिकटवली आणि आठ शिकंज्यांनी आवळून ठेवली. भक्कम! तशीच ठेवली, पुढच्या पंचमीपर्यंत.

गया येणार म्हणून त्या दिवशी सकाळी शिकंजे काढले, खुर्ची दारात मांडली. भाकरतुकडा आमच्या घरातल्या माणसानं ओवाळला. गया आत आली, खुर्चीच्या हातावरून हात फिरवला.

"दादा, माय हितंच बसली असती न्हाई का?" असं म्हणून ती टेकली.

पावसाळी हवेनं सरस कधीच सुटला होता. चार पाय चार दिशांना, आणि गया मधोमध भुईवर! मग ती हसायला लागली, अगदी मायसारखी. हसता हसता रडायला लागली.

"बरं झालं रे दादा, माय हिच्यावर कधी बसली न्हाई!"

आवाज ऐकून सोपाना आला. एकेक तुकडा उचलून त्यानं फिरवून बघितला. "मुन्शीजी, खाचा कुठं हायेत?"

"कसल्या खाचा?"

"एक लाकूड दुसऱ्यात शिरायला नको?"

"शिकंजे होते की!"

सोपानानं तुकडे नीट रचून भिंतीला लावले आणि गयेला हात देऊन उठवलं.

शिकंजे अजून घरात आहेत, आठच्या आठ. सुतारकी शिकायची म्हणून कुणी पुसायला आलं तर मी मोठ्या अधिकारानं सांगतो. आधी करवत घ्या, मग पटाशी, रंधा, गुण्या. शिकंजे दोन पुरे. आणि मायसाठी काही करायचं असलं, तर गुपचूप सुताराला हाक मारा.