लीलाबाई पदरचं घालत नाही

वडनेरात लीलाबाईवर कोणाचा भरवसा होता म्हणता? कोणाचाच नाही. बाई आदिलाबादकडची. लग्न होऊन तीस वर्षं झाली, तरी गावाच्या लेखी ती तिकडचीच. महामार्गावर कोणी तेलुगू ट्रकवाला अडकला, की पोलीस तिलाच बोलावत. ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात ती एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगे. नेम एकच, पदरचं घालायचं नाही अन् कोणाचं गिळायचं नाही. शिवी दिली तर शिवीसुद्धा सांगायची. मग काय, दोन्ही बाजू तिच्यावर खार खाऊन असत.

त्या दिवशी ठाण्यात नानाजी बसले होते. त्यांचा कैलास पंधरा दिवसांपूर्वी शेतातून येताना महामार्गावर अपघातात गेला. पोरगा रस्त्यावर एकटाच तडफडला, ही गोष्ट त्यांना झोपू देत नव्हती. अन् समोर होता मल्लेश नावाचा ट्रकवाला. यानेच उडवलं, नानाजींची खात्री होती.

मल्लेश लांबलचक बोलला. लीलाबाई फौजदाराला म्हणाली, “तो म्हणते, धडक दुसऱ्या गाडीनं देल्ली. मी थांबलो, त्याचं डोस्कं मांडीवर घेतलं. मंग लोकं जमले. मले मारतीन म्हणून पयालो.”

नानाजी भडकले. “तो एवढा बोलला, अन् तुह्यं एवढंसंच? मधातलं कुठी गेलं? आपल्या गाववाल्याले वाचवून राह्यली तू!”

“एकच गोष्ट त्यानं तीनदा सांगतली, नानाजी. तुम्ही म्हणान त मी बी तीनदा सांगतो.”

मोठी आली! मघाशी तिनं त्याला आधी पाणी दिलं, तेही नानाजींनी हेरून ठेवलं होतं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

“विचार त्याले,” ते ओरडले, “मांडीवर होता त काय बोलला माहा पोरगा?”

लीलाबाईनं विचारलं. मल्लेशनं मान खाली घातली अन् एकेक शब्द चाचपडत मराठीतच म्हणाला, “बाबाले... सांगजो... मोटर... चालू हाय.”

विहिरीवरची मोटर त्या दिवशी खरंच चालू राहिली होती. तिसऱ्या दिवशी नानाजी शेतात गेले, तेव्हा जळून पडली होती. घरातसुद्धा त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

मल्लेश काहीतरी विचारू लागला. लीलाबाईच्या डोळ्यांना धार लागली होती, पण नेम सुटला नाही. “तो म्हणते, पंधरा दिस मी हे तोंडपाठ करून राह्यलो. याचा अर्थ काय होते? काई महत्त्वाचं होतं का?”

नानाजींनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. “लीलाबाई,” ते म्हणाले, “त्याले सांगा तुम्ही. निरोप भेटला म्हणा. मोटर बंद केली म्हणा, टायमावर.”

लीलाबाईनं सांगितलं. ती काय बोलली, हे या वेळी नानाजींनी विचारलं नाही.