लाल तेवढं काढ

शालनअक्का गेली त्या सकाळी दाजींचा फोन आला. "रेखा, अत्यंत दुःखद वार्ता आहे," ते म्हणाले. घरात बायको गेलेली आणि हा माणूस वार्ता देत होता... माझ्या मनात पहिलं हेच आलं, की अक्का असती तर तिनं यातला ‘अत्यंत’ उडवला असता.

अक्का माझी थोरली बहीण. आम्ही वैरागच्या, वडिलांचं पेंडीचं दुकान. गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून घालून अक्काची जीभ अशी तयार झाली होती, की तिच्या वाटेला जाताना माणूस दोनदा विचार करायचा. लग्न होऊन सोलापूरला आली, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, पण माझ्याशी शेवटपर्यंत वैरागचंच बोलली. दाजी कॉलेजचे प्राचार्य. निवृत्तीनंतर त्यांना लेखनाचा ध्यास लागला... ध्यास हा त्यांचा शब्द, मी हुक्की म्हणते. आधी आठवणी, मग चिंतन, मग पुन्हा आठवणी. प्रत्येक पुस्तकाला प्रकाशन, शाल, नारळ, आणि आभाराच्या भाषणात ऐकणाऱ्यांचा जीव जाईपर्यंत गुऱ्हाळ. लोकांना नवल वाटायचं, बोलताना असा घोळ घालणारा माणूस लिहितो मात्र किती सुटसुटीत! त्याचं कारण घरी मागच्या खोलीत संगणकासमोर बसलेलं असायचं. त्याला प्रकाशनाच्या वेळी पहिल्या रांगेत खुर्ची मिळे, एवढंच.

दाजींनी टाइप केलेलं अक्का दुरुस्त करायची. केलेली दुरुस्ती दिसत राहावी, ही युक्ती तिनं लेकाकडून शिकून घेतली होती. खोडलेला शब्द लाल रेघ घेऊन जागेवरच राहायचा, नवा शब्द लाल अक्षरांत शेजारी यायचा, कडेला तिचं नाव. दाजींनी बघावं, पटलं तर ठेवावं, नाही पटलं तर आपलं परत घ्यावं, एवढाच हेतू. दाजी एकच बघायचे, की पान लालभडक झालंय. त्यांना तो अपमान वाटे. "लाल तेवढं काढ," म्हणायचे आणि फिरायला जायचे. मग अक्का एकेक दुरुस्ती पुन्हा तपासत, एकेक स्वीकारत बसायची. मी सरकारी कचेरीत कारकून. असे मसुदे रोज हाताखालून जातात. म्हटलं, "सगळं एका दमात स्वीकारायचं बटण असतं की गं."

"व्हय, हाय की. पण माझं बी चुकतं. बघितल्याबिगर कसं घ्यायचं?"

"आणि पुस्तकावर तुझं नाव?"

"नाव घालाया पुस्तक तरी बरं नको का?" ती हसली... लई हसली. "अगं, वाचणाऱ्याचं हाल बघवत न्हाईत, म्हणून करते."

शोकसभेत एका वक्त्यानं सांगितलं, की सरांच्या लेखनसाधनेत वहिनींनी चहाची वेळ कधी चुकवली नाही. सभागृह हळहळलं. दाजींनी रुमाल काढला. मी चपला घालून बाहेर आले.

अक्काचे दिवस झाले आणि दाजींचा पुन्हा फोन. "एक तांत्रिक अडचण उद्भवली आहे." जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरी गेले. नवं पुस्तक तयार होतं, अक्कानं शेवटच्या पानापर्यंत तपासलेलं. फक्त लाल काढायचं राहिलं आणि ती गेली. दाजींनी स्वतः खटपट करून दुरुस्त्या दिसणार नाहीत असं केलं होतं. त्यांच्या पडद्यावर पान स्वच्छ, पण छापखान्यात फाईल उघडली की लाल परत हजर! त्यांना वाटे संगणक बिघडला. मी सांगितलं, "दाजी, झाकलं म्हणजे गेलं नाही. प्रत्येक दुरुस्ती स्वीकारावी तरी लागते, नाही तर नाकारावी लागते. बसा, एकेक बघू."

"त्यात बघायचं काय? लाल तेवढं काढ."

"सगळं?"

"सगळं. मला सायंकाळी एका सत्काराला जायचं आहे."

बायकोचे शेवटचे शब्द समोर होते, तिच्या नावासकट, आणि या गृहस्थाला सत्काराला जायचं होतं... मी आधी ती फाईल जशीच्या तशी माझ्या पेनड्राइव्हवर घेतली. मग बटणांकडे पाहिलं. सगळं स्वीकारा, सगळं नाकारा. लाल दोन्हींनी जातं. मी सगळं नाकारलं.

क्षणात पान काळं कुळकुळीत झालं. अक्कानं वर्षभर हाकललेले ‘अत्यंत’, ‘प्रस्तुत’, ‘तद्वतच’ टोळधाडीसारखे परत येऊन बसले. दाजींनी चष्मा लावला, पहिला परिच्छेद मोठ्यानं वाचला. एक वाक्य संपेपर्यंत त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

मी वाट पाहिली. खरंच पाहिली. "काही वेगळं वाटतंय, दाजी?"

"वेगळं काय? लाल गेलं." त्यांनी मान डोलावली. "आता कसा ओघ आलाय बघ!"

त्या माणसाला त्याच्या पुस्तकातून अक्का गेलेली कळली नाही. पुस्तक छापून आल्यावर कळेल. कळू दे. त्यांना हवी असेल तर लाल फाईल माझ्याकडे आहे. येऊन, शेजारी बसून, एकेक शब्द बघून न्यावी. नुसतं बटण दाबून मी देणार नाही.

निघताना त्यांनी थांबवलं. अर्पणपत्रिका त्यांनी अक्का गेल्यावर स्वतः लिहिली होती. पडद्यावर मोठ्या अक्षरांत होतं: ‘माझ्या लेखनास आजन्म मुक साथ देणाऱ्या सौ. शालन हिस...’ मूक! आमची अक्का! आणि तेही ऱ्हस्व मु.

"बरोबर आहे ना?" दाजींनी विचारलं.

"अगदी तुमचंच आहे," मी म्हणाले, आणि फाईल सेव्ह केली.