दादाच्या बोटाचं मलम

दादा गेल्याचं वहिनीने फोनवर सांगितलं. "ताई, सकाळी चहा मागितला त्यायनं... आन् कप हाती घेतलाच नाही." त्याला सहा आठवडे झाले. ईरा, तुझा हा मामाआजोबा तुला फोनच्या पडद्यावरच ठाऊक. म्हणून ही आजी हे तुझ्यासाठी लिहिते, बाकीच्यांनीही वाचावं.

मुर्री गावातल्या घराची पुढची खोली म्हणजे त्याचा होमिओपॅथीचा दवाखाना. पेशंट काहीही घेऊन येवो, दादा त्याच्या आजोबांपासून सुरुवात करायचा. एकदा एक शेतकरी वैतागला. "डॉक्टर, गुडघा माहा दुखून राहिला, आन् तुमी आज्याची खाज कायले विचारता?" दादा शांतपणे म्हणाला, "आज्याची खाजच नातवाच्या गुडघ्यात उतरते गा."

हे त्याच्या मनचं नव्हतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन डॉक्टरचं म्हणणं होतं, की बहुतेक जुनाट आजारांचं मूळ खाजेत असतं. वरून मलम लावून ती दाबली, की आत शिरते आणि दुसरं रूप घेते. पुढे त्याच्या अनुयायांनी हे थेट वारशापर्यंत नेलं. दाबलेली खाज मुलानातवंडांत उतरते म्हणाले. त्या विचाराचं जाडजूड इंग्रजी पुस्तक दादाने मागवलं होतं. त्याचं इंग्रजी बेताचं, मी शाळेत इंग्रजी शिकवणारी; त्यामुळे रविवारी मी वाचून अर्थ सांगायची, तो लिहून घ्यायचा. मलमाचा तो भाग आला आणि दादाने पेन खाली ठेवलं... त्या दिवशी वाचन तिथेच थांबलं.

कारण मला ठाऊक होतं. मी सहा वर्षांची असताना माझे कोपर खाजून खाजून सोलले होते. अकरा वर्षांचा दादा रोज संध्याकाळी करंजाच्या तेलात गंधक खलून बोटाने हळूहळू लावायचा, वर फुंकर घालायचा. कातडी साफ झाली. दोन वर्षांनी मला दमा लागला. मग तुझ्या आईला. मग तुझ्या गुडघ्यांमागे खाज सुटली, तेव्हा दादाने तुझ्या आईला फोनवर बजावलं, "पोरीले मलम लावू नको." तू रक्त येईस्तोवर खाजवत होतीस. मी रागावले, तेव्हा तो पुटपुटला, "तीन पिढ्या नासवल्या माह्या या बोटानं. चौथी नको."

गेल्या हिवाळ्यात नागपूरला माझ्या दम्याच्या डॉक्टरीणबाईंना मी सगळं विचारलं. त्या म्हणाल्या, काही घराण्यांत खाज आणि दमा दोन्हींचा कल जन्मतःच येतो. आधी कातडी, मग श्वास, असं पुष्कळदा दिसतं. मलमाने दमा होत नाही.

मी दादाला सांगितलं. वाटलं, भांडेल. त्याने एकच विचारलं, "मंग ज्यायले मलम लागलंच नाही, त्यायलेबी दमा होते?"

"होतो म्हणाल्या."

दोन दिवस तो जुने केसपेपर काढून बसला. खाज आणि दमा दोन्ही असलेले पेशंट वेगळे केले, प्रत्येकाला मलम लावलं होतं का ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी मी गेले, तेव्हा त्याच्यासमोर कागदांचा एक गठ्ठा होता. "हे सारे बिनमलमाचे," तो म्हणाला. "दमा मात्र सगळ्यायले. लिहिलं मीच, आन् पाह्यलं नाही..." त्याने गठ्ठा बांधून बाजूला ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "खाजवून काऊन राहिली? बाही वर कर."

हिवाळ्यात माझे कोपर अजूनही फुटतात. पर्समधली डॉक्टरीणबाईंनी दिलेली ट्यूब त्याने मागून घेतली. झाकण त्याला उघडेना, मी उघडून दिलं. ऐंशी वर्षांच्या बोटाने त्याने मलम लावलं, आणि सवयीने वर फुंकर घातली.

"ईरालेबी लावायले सांग," तो म्हणाला.

ट्यूब माझ्या टेबलावर आहे. त्याने दाबली तिथे अंगठ्याचा खळगा आहे. मी खालून दाबते, तो तसाच राहू देते. ईरा, आज रात्री अंघोळ झाली की मलम लाव. भिऊ नकोस. आणि आईला वर फुंकर घालायला सांग.