आणखी एक डाव

बुद्धिबळाचा पट मांडून झाला की काका उजव्या तळव्यावर सगळा भार टाकून पायरीवर कलंडायचे आणि म्हणायचे, "आता ब्रह्मदेव आला तरी उठणार नाही." आणि खरोखरच उठत नसत. काशीच्या रामघाटावर दिवेलागण होऊन जायची, आमच्या पायांना मुंग्या यायच्या, पण पट हलायचा नाही.

असा बैठा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. युनिव्हर्सिटीत काकांचं टेबल माझ्या शेजारी होतं. टाक शाईत बुडवून पदव्यांवर नावं लिहायची, हे त्यांचं काम. लोक पदवीला फ्रेम करतात ती काकांच्या अक्षरासाठी, असं आम्ही म्हणायचो. पण दिवसभर खुर्ची आणि संध्याकाळभर पायरी! आधी कंबर धरली, मग उजवा हात बधिर होऊ लागला. सकाळी अकरापर्यंत टाकच धरवेना आणि पदव्यांचा गठ्ठा साचत गेला. डॉक्टर म्हणाले, बसणं सोडा, संध्याकाळी चाला.

पदवीदान तोंडावर आलं तेव्हा नव्या साहेबांनी बजावलं, काम वेळेत झालं नाही तर टेबल दुसऱ्याला. त्या दिवशी काकांनी जिन्यात माझा हात धरला. डोळे भरले होते.

"हेच एक येतं रे मला. आज एक डाव झाला की मला उठव. पंचगंगा घाटापर्यंत टहलून येऊ. माझ्या एकट्याने नाही होत."

मी कबूल केलं.

त्या संध्याकाळी मी जिंकलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! मग मी कसला उठवतोय? "काका, आणखी एक डाव," म्हणालो. तोही जिंकलो. मग तिसरा. ते मध्येच दोनदा "चल, जाऊ या का?" म्हणाले. मी ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब टेबलापुढे येऊन थांबले. काका उठून उभे राहिले. समोरच्या पदवीवर एका मुलीच्या नावातून शाईचा ओघळ गेला होता.

"कोशिश कर रहा हूँ साहब, दोपहर तक..."

"बस!" साहेब ओरडले.

काका खाली बसले.

जन्म काशीत गेला होता, 'पुरे' या अर्थाचा हिंदी 'बस' त्यांना कळत नव्हता असं नाही. पण घाबरलेला माणूस घरच्या भाषेत ऐकतो. बसून त्यांनी दुसरी पदवी पुढे ओढली. सगळी खोली हसली. मीही हसलो, त्याची आजही लाज वाटते. साहेबांनी त्यांच्या बोटांतून टाक काढून घेतला.

काकांना रेकॉर्डच्या खोलीत टाकलं. त्यांचं पायरीवर बसणं संपलं. संध्याकाळी ते घाटाघाटाने नुसते चालत राहायचे, कोणाशी न बोलता. एकदा मी त्यांना भोसले घाटाजवळ गाठलं.

"काका, माझं चुकलं. पहिल्यांदा जिंकलो आणि डोकंच फिरलं माझं."

ते थांबले नाहीत.

"तू कसला जिंकतोस," ते हळूच म्हणाले. "तिन्ही डाव मी मुद्दाम हरलो. म्हटलं, खूश होऊन आता तरी मला सोडशील."