काचेवरची आई

राजारामपुरीत माझं काचेच्या टाइल्सवर फोटो छापून द्यायचं दुकान होतं. खास कागदावर फोटो काढायचा, तो टाइलच्या मागच्या पांढऱ्या बाजूला चिकटवायचा आणि तापलेल्या प्रेसखाली दाबून धरायचा. कागदावरचा रंग काचेला जातो. नंतर घाईनं गार करायला गेलं की काच तडकते. त्या वर्षांत गावाबाहेर भराभर बंगले उठत होते आणि ज्याला त्याला दाराशेजारी आईवडिलांचा फोटो अन् खाली 'कृपा' असं लिहिलेलं हवं असायचं. आईबाप कुठं राहतात, हे मी कधी विचारत नसे. बहुतेकदा माहीत असायचं.

मग माझाच थोरला भाऊ आला. "आपल्या आईची एक कर. मोठी कर," म्हणाला.

आई तेव्हा माझ्याकडं, दुकानामागच्या खोलीत राहायची. बंगला झाला की तुला घेऊन जातो, असं दादा पाया खणल्यापासून सांगत होता आणि आईनं ते खरं धरलं होतं. शाहूवाडीकडं भाताच्या चिखलात तिचा उभा जन्म गेलेला. लेकाच्या अंगणात तुळशीला पाणी घालावं, एवढीच तिची हौस. फोटोसाठी तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. एक-दोन टाइल्स तडकल्या, मग एक मनासारखी उतरली. कपाळावरचं गोंदणसुद्धा स्वच्छ दिसत होतं.

"म्याच हाय व्हय ही?" आई म्हणाली. "बरी दिसतीया की."

वास्तुशांतीला ती पहाटेच तयार झाली. पिशवीत लुगडी आणि पानाची चंची भरून घेतली, राहायलाच निघाली होती ती. फुलवाल्यानं दाराला तोरण बांधलं, आतल्या फोटोंना हार घातले आणि जाताजाता टाइलच्या चौकटीलाही एक अडकवला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! भिंतीवरच्या म्हातारीला हार घालायचा, एवढंच तो जाणत होता. मी काढायला गेलो तर वहिनी म्हणाली, "असू दे की भावजी, शोभतोय."

दुपारी दादाचे साहेब आले. चपला काढून त्यांनी टाइलपुढं हात जोडले आणि हळू आवाजात विचारलं, "आई कधी गेल्या?"

आई बाजूलाच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. दादानं तिच्याकडं बघितलं नाही.

"झालं की साहेब... चला, आधी जेवून घ्या."

एवढंच बोलला. सख्खा मुलगा! मी पुढं झालो होतो, आईनं माझा दंड धरला म्हणून तो त्या दिवशी वाचला. ती साहेबांना पाणी देऊन आत गेली.

पंगती उठल्यावर वहिनीनं आमच्या हातात जेवणाचा डबा दिला. "रंगाचा वास अजून जाईना झालाय, आईंना सोसायचा न्हाय," म्हणाली. दादा पाहुण्यांना बंगला दाखवत होता.

रिक्षात मी धुसफुसत होतो. म्हटलं, "उद्या जाऊन तोंडावर विचारतो त्याला. कसा न्हेत न्हाय तुला, बघतोच."

"नगं," आई म्हणाली. "आता न्हिऊच नगंस मला तिकडं. मेलेली म्हातारी घरात फिरताना बघून पावणं भितील की."