माहेरचा प्रसाद मला चालत नाही

रेवदंड्याहून निघाले तेव्हा दारात रिक्षा उभी होती आणि आई माझ्या हातावर दही घालत विचारत होती, तिकडे पोळी मिळते ना गं? मिळते म्हटलं. ह्यूस्टनमध्ये सगळंच मिळतं. मला गहूच चालत नाही, हे तिथे बरीच वर्षं पोट धरून बसल्यावर कळलं. सीलिॲक, डॉक्टर म्हणाले. गव्हाचा कणसुद्धा नको, तोही जन्मभर.

तुम्ही जे गावी राहिलात, तुम्हाला हे नखरे वाटणार. जे माझ्यासारखे बाहेर पडलात, तुम्हाला ते मेक्सिकन काउंटर माहीत असेल. ऑफिसच्या सुट्टीत रांगेत उभं राहायचं, भात, राजमा, चिकन असं बोटानं दाखवत बाऊल भरून घ्यायचा. मका आणि भात आहे म्हणून मी जगले. पण तिथेही डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. मैद्याची टॉर्टिया, म्हणजे त्यांची पोळी, मक्याच्याच तव्यावर गरम होते, रश्श्याला मैदा लावलेला असू शकतो, चिप्सच्या तेलात आधी काय तळलंय कोण जाणे. मी सगळं विचारते. मागची रांग उसासे टाकते. टाकू दे मेली. काउंटरवरची बाई हातमोजे बदलते, आतून नवा डबा आणते. थोडंसं खाल्लं तर काय होतं, असं तिनं मला कधी विचारलेलं नाही.

गेल्या खेपेला माहेरी गेले, तर आईनं माझ्या तब्येतीसाठीच सत्यनारायण घातलेला. प्रसादाला साजूक तुपातला शिरा. मी हळूच म्हटलं, आई, रवा गव्हाचाच असतो गं. भटजींसकट सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रसाद नाकारला की पोथीतल्या वाण्यासारखी नाव बुडते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

“देवाचं कधी बाधत नाही,” आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मी घास गिळला.

मग अंथरूण आणि मोरी, एवढंच माझं माहेरपण. आई उशाशी बसून पेज भरवत होती आणि मला तिचा संताप संताप येत होता. वाटलं, आता तरी हिला पटेल. तिनं माझ्या कपाळावरून हात फिरवला.

“मनात किंतु धरून घेतलास ना, म्हणून बाधला.”

हल्ली फोनवर कधी येतेस विचारते, तेव्हा मी सुट्टी नाही म्हणून सांगते. सुट्टी आहे. पण तिनं पुन्हा घास पुढे केला तर मी पुन्हा तोंड उघडीन. जगात कुणालाही नको म्हणता येतं मला, फक्त त्या घरात येत नाही. म्हणून जात नाही.