दिवसाचं पाणी

गव्हाला पाणी चालू असताना माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, पंप भर दुपारी बंद पडला. तो वायर तपासत बसला. मी मागे जाऊन पाहिलं, तर सौर पॅनलवर वहिनीनं जुनी गोधडी पसरून ठेवली होती.

"एवढ्या उन्हात तापून फुटतील ना ते," ती म्हणाली.

"अगं, त्यांच्या तोंडचा घासच काढलास तू," दादा म्हणाला. वहिनीला हसू आलं. तिनं गोधडी ओढून काढली आणि थोड्या वेळात दांडातून पुन्हा पाणी वाहू लागलं.

मी बांधावर बसून ते बघत राहिलो. इतकी वर्षं दिवसाची वीज आम्हा शहरातल्यांना मिळायची आणि शेताला मिळायची ती रात्रीची. मी पंख्याखाली झोपलेला असायचो, तेव्हा दादा हातात बॅटरी घेऊन, सापाच्या भीतीनं पाय आपटत वाफे भरत असायचा. मला हे माहीत होतं. फोनवर मी गव्हाचं विचारायचो, त्याच्या झोपेचं कधी विचारलं नाही. आज लिहून टाकतो.

आता त्याच्या डोक्यावरचं ऊनच त्याचं पाणी उपसतं. आमच्या देशाकडे आणखी काही असो नसो, ऊन भरपूर आहे, आणि माझ्या भावानं ते कामाला लावलंय. मला त्याचा फार अभिमान वाटतो. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, तरी वाटतो.

संध्याकाळी जेवण झाल्यावर, ऐन गव्हाच्या दिवसांत, दादानं माझ्या शेजारी अंथरूण घातलं. वहिनी त्याच्याशी बोलतच होती, तोवर तो घोरायलाही लागला.